ओलीस कोणाला म्हणायचे? उचलीपायी धरलेली माणसे आणि कायद्याची दोन मापे



ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. एका संध्याकाळी ओळखीच्या वस्तीतल्या एका पोराचा फोन आला. "दादा, बापाला घरी येऊ दिलं, पण आईला ठेवून घेतलंय. उचल फिटत नाही तोवर सोडणार नाही म्हणतात." त्याला घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, "हा पैशाचा व्यवहार आहे. आपसात मिटवा." ती माउली तीन दिवसांनी सुटली. पण ती कायद्याने सुटली नाही. मामाने व्याजाने पैसे काढून मुकादमाच्या हातावर ठेवले, तेव्हा सुटली. म्हणजे एका कर्जातून सुटून ते घर दुसऱ्या कर्जात अडकले.

त्या रात्रीपासून एक शब्द आमच्या डोक्यात घोळतो आहे, तो म्हणजे 'ओलीस'. विमानातले प्रवासी ओलीस असतात, बँकेतले कर्मचारी ओलीस असतात, उद्योगपतीचा मुलगा ओलीस असतो. मग नवऱ्याने पैसे आणावेत म्हणून फडावर धरून ठेवलेली बाई कोण? तिच्यासाठी हा शब्द कोणीच का वापरत नाही? पोलीस वापरत नाहीत, पत्रकार वापरत नाहीत, आणि खरे सांगायचे तर आपण कार्यकर्तेही वापरत नाही. हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. कोणता शब्द वापरला यावर कोणते कलम लागणार हे ठरते, आणि कलमावर गुन्हेगार तुरुंगात जाणार की मिशीला पीळ देत फिरणार हे ठरते. म्हणून या शब्दाचा इतिहास नीट तपासला पाहिजे.

राजांचे ओलीस आणि रयतेचे ओलीस

ओलीस म्हणजे तारण. फरक एवढाच की सोने किंवा जमीन तारण न ठेवता जिवंत माणूस तारण ठेवायचा. राजेरजवाड्यांच्या काळात हा उघड व्यवहार होता. 1707 साली मोगलांनी शाहूंना सोडले, पण मातोश्री येसूबाईंना मागे ठेवून घेतले. त्या परत आल्या 1719 साली. 1792 साली श्रीरंगपट्टणच्या तहात टिपू सुलतानाला निम्मे राज्य आणि 3 कोटी 30 लाख रुपये द्यावे लागले. ते पैसे मिळेपर्यंत त्याची दोन लहान मुले लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या ताब्यात ओलीस होती. इंग्रज चित्रकारांनी त्या प्रसंगाची चित्रे काढली. मुले 1794 साली परत गेली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात नाही तो दुसरा इतिहास. ज्यांच्याकडे राज्य नव्हते, सोने नव्हते, जमीनही नव्हती, त्यांच्याकडे तारण ठेवायला उरत होते ते स्वतःचे शरीर आणि पोटची पोरे. या देशात जातीने कोणाला जमीन दिली आणि कोणाला नाकारली हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्याला जमीन नाकारली, त्याच्या अंगावरच कर्ज लिहिले गेले. चित्रकार तिथे गेले नाहीत.

पळणारा गुन्हेगार, धरणारा मालक

1843 च्या कायद्याने इंग्रज सरकारने गुलामगिरीला कायदेशीर मान्यता देणे बंद केले. पण अवघ्या 16 वर्षांत, 1859 साली, त्याच सरकारने कामगारांच्या करारभंगाचा कायदा आणला. मालकाकडून आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मालकाच्या तक्रारीवरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. एक तर पैसे परत कर, नाही तर कामावर जा. दोन्ही जमत नसेल तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे उचल घेऊन निघून जाणारा मजूर हा गुन्हेगार, आणि उचल देऊन माणूस बांधून ठेवणारा मालक हा फिर्यादी! हा कायदा रद्द झाला तो 1926 साली. जवळजवळ 67 वर्षे सरकारच ओलीस धरणाऱ्याच्या बाजूने शिपाई पाठवत होते. आजही ठाण्यातला अंमलदार "उचल घेतली ना? मग फेडा" म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून 1859 चा कायदाच बोलत असतो. कायदा मेला, पण त्याची सवय जिवंत राहिली.

1860 च्या भारतीय दंड संहितेत माणसाला डांबून ठेवणे हा गुन्हा ठरला. कलम 342 खाली त्याची शिक्षा होती एक वर्षापर्यंत. बळजबरीने काम करून घेणे, म्हणजे कलम 374, त्यालाही एकच वर्ष. त्याच संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. मालकाच्या शेतातली कणसे चोरणाऱ्या मजुराला तीन वर्षे, आणि त्या मजुराकडून सक्तीने शेत कसून घेणाऱ्या मालकाला एक वर्ष. कायद्याने वस्तूची किंमत किती आणि माणसाची किंमत किती ठरवली होती, हे यातून दिसते.

याहून भयानक कागद 1933 सालचा आहे. कारखान्यांमध्ये आणि विड्यांच्या कामात आईबापांना उचल देऊन लहान मुले गहाण ठेवून घेतली जात होती. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात हे नोंदवल्यावर मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्धचा कायदा झाला. 15 वर्षांखालील मुलाचे श्रम गहाण ठेवण्याचा करार बेकायदा ठरला. पण शिक्षा काय? गहाण ठेवणाऱ्या आईबापाला 50 रुपयांपर्यंत दंड आणि ठेवून घेणाऱ्या मालकाला 200 रुपयांपर्यंत दंड. तुरुंग नाहीच. टिपूच्या मुलांसाठी तह झाला, तोफांची सलामी झाली. आपल्या पोरांसाठी 200 रुपयांची पावती.

ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींमध्ये 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. संसाराची सुरुवातच बंदिवासात. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उभे राहिले आणि त्यांनी वेठबिगारी व लग्नगडीची पद्धत मोडून काढली. विचारसरणीचे मतभेद असतील, पण हा लढा आपल्याही इतिहासाचा भाग आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

बाबासाहेबांनी दुखणे कुठे ओळखले

महार वतन म्हणजे काय होते? तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस सरकारी आणि गावकीच्या कामाला जुंपणे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. पुढे 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी सक्तीची मजुरी हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, आणि सामाजिक बहिष्कार हाही गुन्हा ठरवावा असे सुचवले. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

या दोन मागण्या एकत्र का आल्या? कारण बहिष्कारही वस्तीला ओलीसच धरतो. पाणी बंद, किराणा बंद, दळण बंद, शेतमजुरी बंद. "तुमच्या पोरांनी केस मागे घेतली तर पाणी सुरू करू." एकाला नमवण्यासाठी दुसऱ्यांचे जगणे मुठीत धरणे, हाच तर ओलीस धरण्याचा गाभा आहे. 1932 सालचे येरवड्याचे उपोषण आठवा. उपोषण सुरू होण्यापूर्वी काढलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की यातून गांधीजींचे अनुयायी देशभर अस्पृश्यांवर दहशत बसवतील. त्यांच्यासमोर एकट्या गांधीजींच्या प्राणाचा प्रश्न नव्हता. गावोगावी सवर्णांच्या मुठीत असलेल्या आपल्या माणसांच्या प्राणाचाही प्रश्न होता. 24 सप्टेंबरला करारावर सही झाली. त्या सहीकडे पाहताना गावकुसाबाहेरच्या त्या लाखो माणसांना विसरून चालणार नाही.

संविधानाच्या कलम 23 ने माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी घातली. 26 जानेवारी 1950 पासून हा मूलभूत हक्क झाला. पण त्याला धार देणारा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा यायला 1976 साल उजाडले. त्याआधीचा वटहुकूम 1975 च्या ऑक्टोबरचा, ऐन आणीबाणीतला. मधली पंचवीस वर्षे हक्क कागदावर होता आणि माणसे फडावर होती.

एकाला फाशी, दुसऱ्याला दोन हजार दंड

आता जगाच्या कायद्याकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धात नाझी फौजांनी बाल्कन देशांत एका जर्मन सैनिकामागे 50 ते 100 माणसे मारण्याचे हुकूम काढले आणि त्यासाठी गावेच्या गावे ओलीस धरली. न्यूरेंबर्गमध्ये त्या सेनापतींवर खटला चालला. 1948 च्या निकालात शिक्षा झाल्या, पण काही कडक अटींखाली ओलिसांना मारणे कायदेशीर असू शकते असे त्याच निकालात म्हटले होते! 1949 च्या जिनिव्हा कराराने ही पळवाट बुजवली आणि युद्धातही ओलीस धरण्यावर सरसकट बंदी घातली.

1979 साली संयुक्त राष्ट्रांनी ओलीस धरण्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार केला. त्यातली व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. एखाद्याला पकडून किंवा अडकवून, त्याला मारण्याची, इजा करण्याची किंवा अडकवूनच ठेवण्याची धमकी देऊन, तिसऱ्याला काही करायला किंवा न करायला भाग पाडणे म्हणजे ओलीस धरणे. तो तिसरा सरकारच असला पाहिजे असे नाही. साधी व्यक्तीही चालते. भारत 1994 साली या करारात सामील झाला.

"उचल फिटत नाही तोवर सोडणार नाही." त्या पोराचे फोनवरचे वाक्य या व्याख्येशेजारी ठेवून पाहा. शब्दाला शब्द जुळतो. हा करार देशाबाहेर धागेदोरे असलेल्या प्रकरणांसाठी आहे, देशांतर्गत प्रकरणाला तो थेट लागू होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण जगाने ओलीस कोणाला म्हटले हे तर त्यातून कळते.

आपल्या देशात 1993 साली दंड संहितेत कलम 364अ आले. खंडणीसाठी पळवून ओलीस धरणाऱ्याला फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. 2015 साली विक्रम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 140(2) मध्ये आहे. 1999 च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदहारला नेले गेले, एका प्रवाशाचा खून झाला, तीन अतिरेकी सोडावे लागले. 2016 साली विमान अपहरणाचा कायदाही कडक झाला. ओलिसाचा जीव गेला तर फाशीपर्यंत शिक्षा. त्या प्रवाशांचे दुःख खरे होते, आणि कायदा कडक झाला याला आमचा विरोध नाही.

आमचा सवाल दुसऱ्या पारड्याबद्दल आहे. 1976 च्या कायद्यात वेठबिगार ठेवणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. 1976 पासून महागाई कुठल्या कुठे गेली, तरी माणूस बांधून ठेवण्याचा दंड दोन हजारांवरच उभा आहे. एक माणूस खंडणीसाठी धरला तर फाशी किंवा जन्मठेप, आणि अख्खे कुटुंब उचलीसाठी धरले तर जामिनावर संध्याकाळी घरी.

कोणी म्हणेल, खंडणी म्हणजे हक्क नसलेला पैसा आणि उचल म्हणजे दिलेला पैसा. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण 1976 चा कायदाच तो मोडून काढतो. आगाऊ रकमेपायी माणसाला दुसरीकडे काम करण्याची किंवा मोकळेपणी फिरण्याची मुभा उरली नाही, तर ती वेठबिगारी होते. वेठबिगारीचे कर्ज कलम 6 प्रमाणे नष्ट होते, आणि नष्ट झालेल्या कर्जाची वसुली स्वीकारणे हा कलम 9 प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे ज्या क्षणी मुकादमाने त्या बाईला अडवले, त्या क्षणापासून ती उचल मागण्याचा त्याचा कायदेशीर हक्क धोक्यात आला. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कलम 15 ने मजुरावर न टाकता देणाऱ्यावर टाकली आहे. 1982 च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे हीही सक्तीची मजुरीच. 1984 च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात पुढे सांगितले की सक्तीची मजुरी दिसली की ती आगाऊ रकमेपायीच आहे असे गृहीत धरावे. कायदा आहे. तो ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

मग करायचे काय?

तक्रार लिहितानाच निम्मी लढाई जिंकली किंवा हरली जाते. "मुकादम पैशांसाठी त्रास देतो" असे लिहिले की तो पैशांचा वाद झाला. त्याऐवजी नेमके लिहा. कोणाला, कुठून, कोणत्या गाडीतून नेले? जबरदस्तीने की खोटे सांगून? कुठे ठेवले आहे, किती दिवस? कोणाकडे, काय मागितले? आणि नेमकी कोणती धमकी दिली?

धमकीचा मुद्दा फार महत्त्वाचा. 2021 साली तेलंगणातल्या शेख अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पळवणे आणि पैसे मागणे एवढ्यावर 364अ लागत नाही. मारण्याची किंवा दुखापतीची धमकी, तशी रास्त भीती, किंवा प्रत्यक्ष दुखापतही सिद्ध व्हावी लागते. त्या खटल्यात मुलाला नीट वागवले होते, धमकी सिद्ध झाली नाही, म्हणून जन्मठेप रद्द होऊन साध्या अपहरणाची सात वर्षांची शिक्षा राहिली. म्हणून फोनवर "हातपाय तोडू" म्हटले असेल तर ते शब्द तक्रारीत तसेच्या तसे आले पाहिजेत. रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा. गावात गाडी पाठवून बळजबरीने माणूस नेला, मारण्याची धमकी दिली आणि घरच्यांकडे पैसे मागितले, तर 140(2) का लागत नाही, हे तपास अधिकाऱ्याला विचारा.

धमकी नसली तरी हात रिकामे नाहीत. डांबून ठेवण्याला न्याय संहितेचे कलम 127 आहे. तीन दिवस किंवा जास्त असेल तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. सक्तीच्या मजुरीला कलम 146. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 3(1)(एच), सहा महिने ते पाच वर्षे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्याच कायद्याचे कलम 4. बहिष्कार असेल तर ॲट्रॉसिटी कायद्यासोबत महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही आहे, 2016 चा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा.

माणूस आत असताना पहिले काम त्याला बाहेर काढणे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 100 खाली मॅजिस्ट्रेट डांबलेल्या व्यक्तीच्या शोधाचे वॉरंट काढू शकतो. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस आहे. वेठबिगारीची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करा, आणि सुटकेनंतर मुक्तता प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गावाकडची गाडी धरू नका. त्या कागदाशिवाय पुनर्वसनाची रक्कम मिळत नाही, आणि रिकाम्या हाताने परतलेले कुटुंब पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभे राहते.

आणि एक गोष्ट स्वतःसाठी

संताप आल्यावर आपल्यातलेही काही तरुण अधिकाऱ्याला कार्यालयात कोंडतात, बाहेरून कडी लावतात. त्यामागची चीड आम्हाला कळते. पण डांबून ठेवण्याचे कलम आपल्यालाही लागते, त्यात सरकारी कामात अडथळ्याचे कलम जोडले जाते, आणि मूळ पीडित बाजूला राहून आपली पोरे तारखांना फिरत राहतात. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की संविधानाचा मार्ग खुला असताना इतर मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओलीस धरले गेले, त्यांनी कोणाला ओलीस धरायचे नसते. आपल्याला माणूस कोंडायचा नाही, कोंडलेला माणूस सोडवायचा आहे.

ती माउली आता घरी आहे. व्याज चालू आहे. पुढच्या दिवाळीनंतर ती पुन्हा टोळीबरोबर जाईल की नाही, हे त्या व्याजावर ठरेल. तिच्या पोराने आम्हाला विचारले, "दादा, तेव्हा तक्रार घेतली असती तर काय लिहिलं असतं?" त्याचे उत्तर म्हणून हा लेख लिहिला आहे. पुढच्या वेळी ठाण्यात गेलो की पहिले वाक्य हे लिहायचे: "माझ्या आईला ओलीस धरले आहे."

जयभीम! जय संविधान!